दगडावरचा आकडा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



पुण्याच्या मार्केट यार्डात माल विकला गेला की शेतकऱ्याच्या हातात एक कागद पडतो. त्याला पट्टी म्हणतात. सगळ्यात वर त्याचं नाव, त्याखाली गाव आणि तालुका, मग माल कुठला, नग किती, वजन किती, भाव काय लागला. आणि मग हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हाती काय राहिलं ते. बी.ए. झाल्यावर गुलटेकडीच्या या बाजारात भुसाराच्या एका गाळ्यावर मी दिवाणजी म्हणून बसलो, तो बसलोच. कविता लिहितो ती पट्ट्यांच्या मधल्या वेळात. लोकांना या दोन गोष्टींचं नवल वाटतं. मला वाटत नाही. पट्टी लिहिण्याची एक शिस्त आहे. मालाचा धनी कोण आणि तो कुठला, हे लिहिल्याशिवाय पुढचा एकही आकडा मांडायचा नाही. एका गावात एकाच नावाचे दोघे असले तर बापाचं नाव घालायचं, तेही सारखं निघालं तर वस्तीचं नाव घालायचं. पण धनी चुकता कामा नये.

आज ज्या दगडांविषयी मी बोलणार आहे, त्यांच्यावर नेमकं याच्या उलट आहे. आकडे आहेत, धनी नाहीत.

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतल्या कितीतरी गावांत चावडीच्या भिंतीत, देवळाच्या ओवरीत किंवा वेशीजवळ एक लहानशी संगमरवरी पाटी बसवलेली असते. पहिलं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारनं या पाट्या लावल्या. मजकूर ठरलेला. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतकी माणसं गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. संपलं. दोन ओळी, दोन आकडे. कोण गेलं, कोण मेलं, कुठं मेलं, काही नाही. त्या काळी नाव लिहायची गरज वाटली नसेलही. गाव शेदोनशे उंबऱ्यांचं, कुणाच्या घरचा पोरगा आला नाही हे सगळ्यांना ठाऊक. पण ठाऊक असणारी माणसंही जातात आणि दगड मागं राहतो.

साताऱ्याजवळचं अपशिंगे हे गाव तुम्हाला माहीत असेल. 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ते ओळखलं जातं. घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी त्याची ख्याती. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले, असं गावात सांगतात, वर्तमानपत्रांतही तोच आकडा येतो. त्यांच्या स्मरणार्थ इंग्रजांनी तिथं स्मारक उभारलं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी हे असंच नावातच फौज घेऊन बसलेलं गाव. ४६ हा आकडा वाचताना मोठा वाटत नाही. आपण हल्ली लाखांशिवाय बोलत नाही. पण एका गावातून ४६ तरणी पोरं वजा केली तर किती घरांत नांगर धरायला माणूस उरला नसेल, किती मुलींची लग्नं राहिली असतील, याचा हिशोब करून बघा.

ही पोरं का गेली? शौर्याची परंपरा वगैरे आपण भाषणात म्हणतो, आणि ते खोटं नाही. पण त्याच्या बरोबरीनं पोट होतं. १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ प्लेग, मग १८९९-१९०० चा दुष्काळ. माणदेश, खटाव या पट्ट्यात पाऊस म्हणजे पाहुणाच. त्या काळी शिपायाला महिना ११ रुपये पगार होता. कोरडवाहू रानाला रोखीचे ११ रुपये दर महिन्याला कुठून मिळणार? मुंबईची गिरणी, नाही तर पलटण, एवढेच दोन रस्ते होते.

गेली कुठं? पुष्कळशी बसऱ्याला. मराठीत बसरा हा शब्द आपण ऐकतो तो मोत्यांच्या संदर्भात. नथीतले बसरा मोती. आमच्या यार्डात तो ऐकू येतो खजुराच्या संदर्भात. रमजान जवळ आला की इराकच्या खजुराची खोकी येतात, थप्प्या लागतात. पण साताऱ्याकडच्या जुन्या घरांत 'बसऱ्याला गेला' या शब्दांना वेगळा अर्थ होता. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हिंदुस्थानातून सहा लाखांहून अधिक माणसं गेली. तिथं सुरुवातीला जी सहावी डिव्हिजन उतरली तिचं नावच पूना डिव्हिजन. तिच्यात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी होत्या. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. या मराठा पलटणींमध्ये दख्खनी आणि कोकणी मराठ्यांच्या कंपन्यांबरोबर दखनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. एकाच तालुक्यातली, एकाच बाजाराला जाणारी माणसं. भाषा तीच, भाकरी तीच.

या डिव्हिजनची गाठ तैग्रिस नदीच्या एका वळणावरच्या कूत या गावाशी पडली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने तुर्कांनी तिला वेढा घालून कोंडलं. दाणागोटा संपत आला. घोडे कापायची वेळ आली. घोड्याचं मांस खायला हिंदी शिपायांनी नकार दिला, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही. शेवटी धर्मगुरूंच्या परवानग्यांच्या तारा हिंदुस्थानातून मागवल्या गेल्या. तोवर कित्येकजण रक्तपितीनं खंगले होते. शेवटी सुमारे १३ हजार सैन्य शरण गेलं. कैद झालेल्यांना वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्या वाटेवर हजारो मेले. पुढं १९१८ मध्ये शरकतच्या लढाईत ११४ व्या मराठा पलटणीनं एका लढाईत २८ शौर्यपदकं मिळवली, तिची आठवण फौज अजून अभिमानानं काढते. कूतच्या भुकेची आठवण काढायला तसं कुणी नाही.

मला राहून राहून वाटतं ते असं. आमच्याकडच्या गावांत मोहरमला ताबूत निघतात, पंजे उठतात, आणि त्यांच्यापुढं नाचणारी, नवस बोलणारी निम्मी माणसं हिंदू असतात. ताबूत थंड करायची जागा म्हणजे गावचा ओढा किंवा विहीर, तिलाच 'करबला' म्हणायचं. त्या ओढ्याला करबला म्हणत वाढलेली पोरं खऱ्या करबलाच्या मुलखात जाऊन उभी राहिली. समोर तुर्काचा सुलतान, जो मुसलमानांचा खलिफा. त्यानं तर धर्मयुद्ध पुकारलेलं. साताऱ्याच्या मुसलमान शिपायाच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल, यावर कुणी तरी कादंबरी लिहायला हवी. कवितेत ते मावत नाही, मी प्रयत्न करून पाहिला आहे.

आता नावांकडे येतो. युद्धातल्या मृतांच्या समाध्या सांभाळण्यासाठी १९१७ मध्ये लंडनला एक आयोग नेमला गेला. आज तो राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणून ओळखला जातो. तत्त्व मोठं सुंदर होतं: हुद्दा, धर्म, वंश न पाहता प्रत्येक मृताचं सारखं स्मरण. आमच्या खडकीला या आयोगाचं कब्रस्तान आहे. हिरवळ कापलेली, रांगा सरळ, दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांची दफनं. तिथंच एका स्मारकावर पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या १,८०० हून अधिक जणांची नावं आहेत. कुठल्या तरी छावणीच्या दफनभूमीत पुरलेले, थडगी मोडून गेलेले, पण नावं राहिली.

बसऱ्याचं स्मारक १९२९ मध्ये उघडलं. चाळीस हजारांहून अधिक जणांचं ते स्मारक. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि पुढं एक आकडा. अमुक पलटण, आणखी इतके. नावं नव्हती असं नाही. नावं कागदावर होती, दगडावर आली नाहीत. अमारा इथं नदीच्या डाव्या तीरावर हिंदी सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे, सुमारे ५,००० जणांची. त्यांतल्या फक्त ९ जणांची ओळख नोंदलेली आहे. कोण कुठं पुरला याची वहीच लष्करानं नीट ठेवली नव्हती. आमच्या बाजारात अशी वही ठेवणाऱ्या दिवाणजीला दुसऱ्या दिवशी कुणी गाळ्यावर उभं करणार नाही.

यावर कुणी म्हणेल, जुना काळ, इतक्या माणसांची नावं कोरणं शक्य नसेल. पण फ्रान्समध्ये नव शापेल इथं १९२७ मध्ये हिंदी सैनिकांचं स्मारक झालं, त्यावर ४,७०० हून अधिक नावं आहेत, साध्या शिपायांसकट. म्हणजे कोरता येत होती. माझं मत विचाराल तर फ्रान्समध्ये बघणारे होते, इराकच्या दलदलीत कोण बघणार, असा हिशोब झाला असावा. आणि त्याहून जवळचं उदाहरण द्यायचं तर कोरेगाव भीमाचं. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारनं भीमेकाठी स्तंभ उभारला, १८२१ मध्ये त्याची पायाभरणी झाली. त्यावर पडलेल्या आणि जखमी झालेल्या शिपायांची नावं कोरली, इंग्रजीत आणि मराठीत. शेवटी 'नाक' असलेली महारांची नावं, त्यांच्याबरोबर मराठे, राजपूत, मुसलमान, बेने इस्रायल. त्या स्तंभाचा पुढं जो अर्थ झाला, १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं का आले, हा मोठा विषय आहे आणि आज माझा नाही. मी एवढंच पाहतो की १८२१ मध्ये साध्या शिपायाचं नाव दगडावर येत होतं आणि १९२९ मध्ये आलं नाही. शंभर वर्षांत साम्राज्य मोठं झालं आणि माणूस बारीक झाला. त्याच काळात महारांची भरती बंद झाली होती. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपताच १९२१ पर्यंत मोडूनही टाकली.

एप्रिल २०२१ मध्ये या आयोगानं स्वतःच एक अहवाल प्रसिद्ध केला. आशिया आणि आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार मृतांचं स्मरण असमान रीतीनं झालं, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांचं नावानिशी स्मरण झालंच नाही किंवा मुळीच झालं नाही, हे त्यांनी मान्य केलं आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना. आज आयोगाच्या संगणकावरच्या नोंदींत शोधलं तर पुष्कळ हिंदी शिपायांपुढं पलटण, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा अशी माहिती मिळते. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा थबकलोच. ती हुबेहूब पट्टी होती.

पण सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारून मोकळं होण्याआधी आपल्याकडं पाहू. आपल्या गावांत युद्धस्मारकं नव्हती का? होती, हजार वर्षांपासून. त्यांना वीरगळ म्हणतात. गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळाजवळ तुम्ही उभे दगड पाहिले असतील, चौकटी चौकटींचे. सगळ्यात खाली लढाई, किंवा गुरं पळवणाऱ्यांशी झुंज आणि आडवा पडलेला वीर. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला हाताला धरून नेतात. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. ते असेतो याची कीर्ती राहील, असा करार. कर्नाटकात अशा दगडांवर लेख असतात. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर एक अक्षर नाही. गावाला नाव माहीत होतं म्हणून लिहिलं नाही. मग गाव नाव विसरलं. मग कुणी त्या दगडाला शेंदूर लावला आणि वीराचा देव झाला. आमच्याकडं माणसाला विसरायची ही सगळ्यात आदरयुक्त पद्धत आहे.

याचाच घरातला प्रकार म्हणजे टाक. देवघरात चांदीच्या पत्र्यावर उठवलेला घोडेस्वार, हातात तलवार. हा आमचा वीर, असं घर सांगतं. लग्नाकार्यात त्याला मान. नाव मात्र सांगता येत नाही.

टाकावरून आमच्या यार्डातली एक गोष्ट सांगायला हवी. शेजारच्या गाळ्यावर एक वयस्क हमाल आहेत, आम्ही त्यांना आबा म्हणतो. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावचे. गावाचं नाव घेत नाही, कारण गावात या विषयावर अजून एकमत व्हायचं आहे. एकदा दुपारी आवक कमी होती. आबा पोत्यांवर टेकून म्हणाले, "दिवाणजी, आमच्या चावडीच्या भिंतीत पांढरा दगुड हाय. विंग्रजी लिवलंय त्यावर. पोरं म्हंत्यात पायाभरणीचा हाय. आता चावडी पाडून पंचायतीचं नवं हापिस व्हनार. तुमी शिकल्यालं मानूस, पाडायच्या आदी येऊन वाचता का जरा?"

सुट्टीच्या दिवशी स्वारगेटहून एस.टी. धरली आणि गेलो. दगडावर वर्षानुवर्षांचा चुना बसलेला. काथ्यानं घासला तेव्हा अक्षरं वर आली. भोवती पंधरावीस माणसं जमलेली. मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. गेलेल्यांचा आकडा दोन अंकी, मेलेल्यांचा एक अंकी. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एका पोरानं विचारलं, "नावं?" नावं नव्हती.

आबांची एक चुलती आहे, नव्वदीच्या पुढची. तिला बाहेरच्या गडबडीतून एवढंच कळलं की लढाईवर गेलेल्यांविषयी काही चाललंय. ती म्हणाली, "आमच्या देव्हाऱ्यात बसऱ्याचा वीर हाय की." टाक आणला. झिजून गुळगुळीत झालेला घोडेस्वार. तिच्या सासऱ्यांचा थोरला भाऊ. नाव काय, विचारलं तर म्हातारी गप्प. आम्हाला वाटलं आठवत नाही. मग लक्षात आलं, आठवतंय, पण घेता येत नाही. सुनेनं थोरल्या चुलतसासऱ्याचं नाव कसं घ्यायचं? सत्तर वर्षांत तिनं ते तोंडातून काढलेलं नाही. आणि ज्यांनी घेतलं असतं ते सगळे पुरुष केव्हाच गेले. म्हणजे नाव त्या घरात सुखरूप होतं, पण आदरानं कुलूपबंद. शेवटी नातू एकेक नाव म्हणू लागला, रामा, सखाराम, ज्ञानू, बाळू. आणि तिनं एका नावावर मान हलवली. नाव गावाला मिळालं, तिनं ते घेतलं नाही, दोन्ही राहिलं.

पुढचं काम शाळेतल्या मास्तरांनी केलं. त्यांनी आयोगाच्या नोंदींत गावाचं नाव शोधलं. इंग्रज कारकुनानं ऐकून लिहिलेलं, त्यामुळे गाव ओळखू येईना. तालुक्यावरून आणि आडनावावरून हळूहळू पत्ता लागला. टाकातल्या वीराची नोंद सापडली, बापाच्या नावासकट जुळली. आणि त्याच गावाच्या नावापुढं आणखी एक नोंद निघाली. मुसलमानाचं नाव. आज त्या गावात मुसलमानाचं एकही घर नाही. तरुण पोरं म्हणाली, हे आपलं गाव नसेल, नावात घोटाळा असेल. तेव्हा तीच म्हातारी म्हणाली, मशिदीच्या पडक्या भिंतीला लागून त्यांचं घर होतं, मोहरमचा पंजा त्यांच्याकडं असायचा, ७२ च्या दुष्काळात उरलेली माणसं मुंबईला गेली ती गेलीच. पंजा आजही गावात आहे. एका मराठ्याच्या घरात आहे आणि दरवर्षी उठतो.

आता वाद असा, की नव्या इमारतीत हा जुना दगड बसवायचा आणि शेजारी नावांचा दगड लावायचा, तर त्यावर हे नाव घालायचं की नाही. घालायला कुणाचा जोराचा विरोध आहे असंही नाही. 'त्यांचं कोण बघायला येणार आहे' एवढंच काहींचं म्हणणं. आबांना ते पटत नाही. आमच्या वहीत एखाद्या शेतकऱ्याची रक्कम न्यायला कुणी आलंच नाही, तर ती त्याच्या नावावर पडून राहते, वर्षानुवर्षं पुढच्या वहीत ओढत नेतात. आबांनी गावाला तेच विचारलं, "न्यायला कोन येत न्हाई म्हून वहीतनं नाव खोडता व्हय?"

मी या वादात बोललो नाही. माझं नाव ऐकल्यावर माझं मत काय असणार हे लोक आधीच ठरवतात, आणि मग ते मत उपयोगाचं राहत नाही. आबांचं राहतं.

आपण ज्याला शहीद म्हणतो, तो शब्द अरबीतून आला. त्याच्या मुळाशी साक्ष देण्याचा अर्थ आहे. मराठीत त्याच अर्थानं हुतात्मा म्हणतात, त्याच्या मुळाशी यज्ञातली आहुती आहे. दोन्ही शब्द आपण आलटून पालटून वापरतो, आणि ते बरंच आहे. पण साक्षीदाराला कोर्टात पहिला प्रश्न विचारतात तो नावाचा.

अलीकडच्या लढायांत ही अडचण उरली नाही. १९९९ च्या कारगिलपासून जवानाचा देह गावात येतो, सारं पंचक्रोश जमतं, चौकाला नाव दिलं जातं, कमान उभी राहते. पुढं त्या कमानीवर निवडणुकीचे फलक चढतात, ते निराळं. दिल्लीला २०१९ मध्ये राष्ट्रीय युद्धस्मारक झालं, तिथं स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावं कोरली आहेत. २०२३ मध्ये 'माझी माती, माझा देश' या मोहिमेत ग्रामपंचायतींत शिलाफलक लागले. चांगली गोष्ट आहे. पण काही ठिकाणी मी पाहिलं, फलक नवा कोरा आणि तिथून पन्नास पावलांवरची १९१९ ची पाटी मुताऱ्यांच्या आडोशाला.

आणि दूरदेशीचे लोक कधी कधी लाजवतात. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक, १० जुलै १९४४ रोजी इटलीत तैबर नदीच्या खोऱ्यात एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथंच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. पण इटलीतल्या मोन्तोने या डोंगरगावानं जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावानं स्मारक केलं, तेही छायाघड्याळाचं. सगळे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत. वीरगळाच्या माथ्यावरचा सूर्य आठवला मला.

एक वर्ग मात्र दोन्ही हिशोबांतून सुटलेला आहे, आणि आमच्या यार्डात बसून मी त्याच्याविषयी बोललो नाही तर उद्या मला तोंड दाखवता येणार नाही. मेसोपोटेमियात फक्त शिपाई गेले नाहीत. बसऱ्याच्या धक्क्यावर जहाजं रिकामी करायला हमाल लागत होते. खेचरं हाकायला, पाणी भरायला, रस्ते आणि रेल्वे करायला मजूर लागत होते. हमालांच्या आणि मजुरांच्या पलटणी हिंदुस्थानातून उभ्या केल्या, काही माणसं तर तुरुंगांतून भरती केली. कॉलरानं, उष्म्यानं तीही मेली. सरकारी कागदात त्यांना 'फॉलोअर' म्हणत. आपल्या भाषेत यांच्यासाठी बाजारबुणगे हा शब्द आहे आणि तो शिवीसारखा वापरला जातो. पानिपतापासून वापरतोय आपण. मुंबईला मशीद बंदराजवळ खलाशांच्या घरात बुडालेल्या २,००० हून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक आहे. त्या बोटींच्या भट्टीपाशी कोळसा ओढणाऱ्यांत आमच्या कोकणातले मुसलमान किती होते ते रत्नागिरीत कुणालाही विचारा. पोतं वाहणाऱ्याचं मात्र तेवढंही नाही. गावच्या पाटीवरच्या 'गेलेल्यां'त हे लोक धरले होते की नाही, इथपासून प्रश्न.

तुमच्या गावात असा दगड असेल, तर एक व्यवहाराचं सांगतो. जुन्या चावड्या सगळीकडं पाडल्या जात आहेत. दगड राडारोड्यात जाण्याआधी काढून ठेवायला सरपंचांना सांगा. चुना निघाल्यावर फोटो काढा. गावाचं नाव इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहून नोंदींत शोधा, 'व' चा 'ओ' झालेला असतो, 'ळ' चा 'ल' झालेला असतो. आणि घरोघर विचारायला जाल तेव्हा सुनांपेक्षा लेकींना आधी विचारा, ज्या दुसऱ्या गावी नांदायला गेल्या आहेत त्यांना. माहेरच्या चुलत्याचं नाव घ्यायला त्यांना कुणाची आडकाठी नसते.